नववीची मुलं काही सांगत नाहीत: कॅथलिक शाळेत मुलांची काळजी कुठून सुरू करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वसई परिसरातली अनुदानित कॅथलिक माध्यमिक शाळा, तुम्ही नववीच्या वर्गशिक्षिका, पटावर ६४ मुलं. त्यातली वीसेक कॅथलिक, बाकी हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांतली. समुपदेशक फक्त बुधवारी येतात. पहिल्या सत्रात एका मुलीने हातावर ब्लेडने ओरखडे काढल्याचं फार उशिरा कळलं. आता व्यवस्थापनाने तुम्हाला वर्षभराचा ‘वेलबीइंग’ कार्यक्रम आखायला सांगितलाय. मूल्यशिक्षणाच्या तासाला कोणते विषय घ्यावेत, रिट्रीट (प्रार्थना-चिंतनासाठीचा दिवस) सगळ्यांसाठी ठेवावी का, आणि मुलं बोलती व्हावीत म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

विषयांची यादी मी देऊ शकेन, पण तिने तुमचं काम होणार नाही. ती मुलगी रोज किती मोठ्या माणसांसमोरून जात होती ते बघा: सात-आठ विषयशिक्षक, पीटीचे सर, ग्रंथपाल, पाण्याच्या टाकीजवळच्या मावशी. उकाड्यातही न उतरवलेला स्वेटर, पीटीच्या तासाला दर वेळी पोटदुखी, असं काहीतरी कुणा ना कुणाच्या नजरेला पडलं असणार. पण ते कुणाला आणि कधी सांगायचं, हे शाळेत ठरलेलं नव्हतं. मुलांनी बोलावं म्हणून कार्यक्रम घेण्याआधी, मोठ्यांना दिसलेलं एका ठिकाणी येईल अशी सोय करा. ती वेळापत्रकात हवी आणि कुणाच्या तरी नावावर हवी. भाषणं, पोस्टर, रिट्रीट हे सगळं त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत. शाळा दोन पाळ्यांत भरत असेल तर सुटल्यावर मुलांना थांबवता येत नाही, कारण पुढची पाळी दारात उभी असते. मग सगळं मधल्या सुट्टीत बसवावं लागेल. मुख्याध्यापक फादर किंवा सिस्टर आहेत की धर्मगुरू-धर्मभगिनी नसलेले शिक्षक, यानेही थोडा फरक पडतो. त्याकडे पुढे येते.

सुरुवात नावांच्या कागदापासून करा. कॅटलॉगमधली (हजेरीपटावरची) ६४ नावं मोठ्या कागदावर उतरवा आणि पुढे तीन रकाने आखा: ‘घरी कोण कोण आहे हे मला माहीत आहे’, ‘गेल्या पंधरवड्यात अभ्यास सोडून याच्याशी बोलणं झालं’, ‘काही अडलं तर हे मूल माझ्याकडे येईल’. एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्यांना अर्धा तास बसवा. पीटीचे सर, ग्रंथपाल, ऑफिसमधले क्लार्क आणि शिपाई मावशी-काका यांना आवर्जून बोलवा, कारण डबा न आणणारं मूल त्यांना आधी कळतं. प्रत्येकाने न बोलता आपापल्या खुणा करायच्या. पंधरा मिनिटं पुरतात.

मग कागद भिंतीला लावून सगळ्यांनी मिळून बघायचा. पहिल्या पाच-सहा हुशार मुलांच्या आणि पाच-सहा दंगेखोरांच्या नावांपुढे खुणांची गर्दी दिसेल. पंचावन्न-साठ टक्क्यांच्या आसपासची, वेळेवर येणारी, कुणाला त्रास न देणारी मुलं कोरी राहतात. तिसऱ्या रकान्यात एकही खूण नसलेली नावं वेगळी काढा आणि वाटून घ्या, एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन. वर्गशिक्षिकेने सगळी आपल्याकडे ओढू नयेत. महिन्याभरात ते झेपेनासं होतं आणि मग सगळंच सुटतं.

वाटून घेतल्यावर करायचं काय? शाळेचे सलग दहा दिवस, रोज दोन मिनिटं, त्या मुलाशी बोलायचं. गुण, गृहपाठ आणि शिस्त हे तीन विषय वगळून. ‘आजीचं ऑपरेशन झालं का?’, ‘पाऊस एवढा, तुमच्याकडे पाणी भरलं होतं का?’ एवढंसुद्धा चालतं. पहिले तीन-चार दिवस ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ याच्यापुढे गाडी जात नाही, आणि बहुतेक शिक्षक नेमके तिथेच सोडून देतात. सोडू नका. दुसऱ्या आठवड्यात बरीच मुलं आपणहून काहीतरी सांगायला लागतात, आणि ते बहुधा अगदी बिनमहत्त्वाचं असतं. ते नीट ऐकून घ्या. ब्लेडची गोष्ट सांगण्याआधी मूल मांजराची गोष्ट सांगून बघतं.

यात बिघडतं कुठे? एक, शिक्षक मुलाला सांगून टाकतात, ‘तुझी जबाबदारी माझ्यावर दिलीय’. मग मुलाला आपण केस झालो असं वाटतं. दोन, कागद टीचर्स रूममध्ये पडून राहतो आणि मॉनिटरच्या हाती लागतो. बैठक संपली की तो पर्यवेक्षिकांच्या कपाटात कुलपात गेला पाहिजे. तीन, बोलणं बंद खोलीत होतं. व्हरांड्यात, जिन्याजवळ, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशाच जागी बोलायचं. वर्षातून तीनदा हा कागद नव्याने करा: जुलैअखेर, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जानेवारीत. मुलांचे गट बदलतात, घरची परिस्थिती बदलते, जुना कागद खोटा ठरतो.

व्यवस्थापनाला हे पटवायचं असेल तर त्यांच्याच परंपरेत आधार आहे. मुलांच्या शिक्षणासाठी सेल्शियन संघ स्थापन करणारे इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १० मे १८८४ रोजी रोमहून आपल्या माणसांना जे पत्र लिहिलं त्यात हीच खंत आहे: मोठी माणसं मैदानावर मुलांमध्ये मिसळेनाशी झाली आणि त्यामुळे मुलांचा विश्वास आटला. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते मुलांना जाणवलं पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा आहे. मधल्या सुट्टीतल्या ‘ड्यूटी’चा अर्थ त्यातून बदलतो. शिट्टी घेऊन उभं राहणं ही अर्धीच ड्यूटी झाली. एकट्याने डबा खाणारी मुलं कोण, हे टिपणं ही उरलेली अर्धी.

दुसरं साधन तुमच्या हातात रोज असतंच: कॅटलॉग. दोन आठवड्यांत तीन गैरहजेऱ्या, ठरावीक वारी गैरहजेरी, रोज प्रार्थना संपल्यावरच येणं, चौथ्या तासाला ‘पोट दुखतंय’ म्हणून ऑफिसात जाणं, यातलं काहीही दिसलं की घरी फोन गेला पाहिजे. फोन करण्याची वेळ महत्त्वाची आहे. तुमच्या भागातले कितीतरी पालक पहाटेची लोकल धरतात आणि रात्री आठ-साडेआठला घरी येतात. दुपारी केलेला फोन गर्दीत किंवा साहेबासमोर घेतला जातो आणि त्याचा राग संध्याकाळी मुलावर निघतो. रात्री आठनंतर करा, आणि सुरुवात ‘का आला नाही’ अशी नको. ‘आज वर्गात नव्हता, जाणवलं, बरं आहे ना सगळं?’ एवढं पुरे. तक्रार करायचीच असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या फोनवर. शाळेचा नंबर दिसला की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येत असेल तर पालक खरं सांगत नाहीत.

आता बुधवारचे समुपदेशक. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला किंवा जोडून घ्यायला सांगितलं आहे, आणि शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. व्यवस्थापनाशी बोलताना हे समोर ठेवा. पण समुपदेशक आले तरी हिशेब साधा आहे: एका दिवसात नीट बोलणं होतं जेमतेम सहा मुलांशी. म्हणून त्यांचा बुधवार फक्त ‘पाठवलेल्या’ मुलांनी भरू देऊ नका. पहिल्या दोन महिन्यांत वर्गातल्या सगळ्या मुलांना आठ-आठच्या गटांनी त्यांच्या खोलीत दहा मिनिटं पाठवा. खोली पाहिलेली असली, बसून आलेलं असलं की तिथे जाण्याचा शिक्का बसत नाही.

खोली कुठे आहे तेही बघा. मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून असेल, जिथे शिक्षा झालेली मुलं उभी असतात, तर तिथे कुणी आपणहून जाणार नाही. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातली जागा पुष्कळदा चांगली पडते. बोलावण्याची चिठ्ठी ग्रंथालयाच्या चिठ्ठीच्याच रंगाची आणि आकाराची ठेवा, आणि भर वर्गात ‘अमुक, काउन्सेलरकडे जा’ असं कुणीही ओरडून सांगायचं नाही. तुम्ही समुपदेशकांना लिहून द्याल तेव्हा जे पाहिलं तेवढंच लिहा. ‘डिप्रेशन वाटतं’ असं लिहू नका. ‘तीन आठवड्यांपासून डबा खात नाही, दोन वेळा तासाला रडली, वहीत शेवटची नोंद अमुक तारखेची’ असं लिहा. गोपनीयतेची मर्यादा मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि लैंगिक छळ किंवा अत्याचार. या तीन गोष्टी सोडून बाकी सगळं खोलीतच राहील. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन कोणीही देऊ नये, कारण ते मोडावं लागलं की ते मूल पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही.

श्रद्धेचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या प्रश्नात तो एका ओळीत आलाय. कॅथलिक शाळेत समूहभावना घडवायची म्हणजे दोन तृतीयांश मुलांना पाहुण्यासारखं वागवायचं नाही. कायद्याने बघितलं तर संविधानाच्या कलम २८(३) नुसार, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीवाचून, आणि अज्ञान (वयाने सज्ञान नसलेल्या) मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) असलेली रिट्रीट कॅथलिक मुलांसाठी धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या, पॅरिशच्या) मदतीने वेगळी ठेवा. सगळ्या वर्गासाठी वेगळा दिवस आखा, ज्यात शांतता, गटात बोलणं, एकत्र जेवण आणि थोडं श्रमाचं काम असेल. पत्रकावर काय होणार आणि काय होणार नाही ते स्पष्ट लिहून पालकांची सही घ्या.

कायदा पाळूनही मुलं दुखावली जातात, ती छोट्या जागी. पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुलं मिस्सेला जातात आणि बाकीची चव्वेचाळीस मुलं ‘गप्प बसा, आवाज नको’ या सूचनेसह मॉनिटरच्या हवाली होतात. दर महिन्याला मिळणारा हा धडा कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या पुस्तकापेक्षा पक्का बसतो. त्या वेळेला तितक्याच मोलाचं काही द्या: शिक्षक स्वतः हजर, वाचनाचा किंवा गटचर्चेचा ठरलेला तास. कॅटेकिझम (कॅथलिक मुलांचं धर्मशिक्षण) आणि मूल्यशिक्षण एकाच तासाला असेल तर आठवड्यातून दोनदा वर्ग धर्मावरून दुभागतो, तेव्हा महिन्यातला एक तास तरी दोन्ही गटांचा एकत्र घ्या. विषय असे निवडा की प्रत्येक घरातून काहीतरी येईल: आजारी माणसाची सेवा, घरातला मृत्यू, क्षमा, पैशाची चणचण. तुम्ही विचारलेल्या विषयांच्या यादीचं उत्तर यातच आहे. ‘तणाव व्यवस्थापन’ हा मथळा नववीच्या मुलांना कंटाळवाणा वाटतो. ‘घरी भांडण चालू असताना अभ्यास कसा करायचा’ म्हटलं की ती मान वर करतात.

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) दानपेटी वर्गावर्गांतून फिरवली जाते. तिथे एक नियम कडक पाळा: कुणी किती दिलं हे दिसता कामा नये, आणि कोणत्या वर्गाने जास्त जमवलं याची स्पर्धा तर नकोच. ज्या कुटुंबांसाठी आपण पैसे जमवतो त्यातलं एखादं मूल त्याच बाकावर बसलेलं असतं. फी किंवा युनिफॉर्मची मदत लागणाऱ्या मुलाचं नाव वर्गात न घेता धर्मग्रामातल्या, गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीपर्यंत पोचवता येईल का, हे फादरना विचारा. कॅथलिक नसलेल्या कुटुंबांनाही ती मदत मिळावी असा आग्रह धरा.

मुख्याध्यापक धर्मगुरू असतील तर एक गोंधळ आधीच मिटवून ठेवा. कन्फेशनमध्ये (धर्मगुरूजवळ दिलेल्या पापांच्या कबुलीत) ऐकलेलं कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही, ही चर्चच्या कायद्यातली (कॅनन ९८३) अटळ मर्यादा आहे. उलट केबिनमध्ये, मैदानावर, प्रवासात झालेलं बोलणं कन्फेशन नसतं, आणि तिथे कळलेल्या अत्याचारावर कारवाई करणं बंधनकारक आहे. मुलांना हा फरक माहीत नसतो. तो त्यांना सोप्या शब्दांत सांगा. कॅनन ९८५ तर संस्थेच्या प्रमुखाने तिथेच राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं कन्फेशन, त्यांनी स्वतःहून एखाद्या वेळी मागितल्याशिवाय, ऐकू नये असं सांगतो. नियम निवासी संस्थांचा आहे, पण त्यामागचा विचार तुमच्या शाळेलाही लागू पडतो: ज्याच्या हातात टीसी आहे, त्याच्यासमोर मन मोकळं करायला मुलाला भाग पाडू नये. रिट्रीटला बाहेरचे फादर बोलवा.

अत्याचाराची गोष्ट एखाद्या मुलाने तुम्हालाच सांगितली तर तीन वाक्यं पुरेत: ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला मदत करू शकतील अशाच माणसांना मी हे सांगणार आहे.’ खोदून प्रश्न विचारू नका, आरोप असलेल्या व्यक्तीला फोन करून ‘खात्री’ करू नका, मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला किंवा विशेष बालपोलीस पथकाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. ‘आधी मॅनेजमेंटची चौकशी होऊ दे’ हा पर्याय कायद्यात नाही. १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते. शाळेतली सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) कागदावरच आहे की तिच्या सदस्यांची नावं मुलांना माहीत आहेत, हेही तपासा.

स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबद्दल शिक्षकांना एक भीती असते की विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल. तसं होत नाही. शांतपणे, थेट विचारा: ‘जगू नये असं वाटतं का कधी? काही करायचं ठरवलंयस का?’ उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. शौचालयापर्यंतही कुणीतरी सोबत जायचं, पालक येईपर्यंत शाळेतच थांबवायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पालकांना लिहून द्या. घरातली औषधं, कीटकनाशकं आणि ब्लेड कुलपात ठेवायला स्पष्ट शब्दांत सांगा; वाडीतल्या बागायतदार घरांत फवारणीचं औषध पडवीतच असतं.

आणि कॅथलिक शाळेत एक वाक्य अजूनही ऐकू येतं: ‘आत्महत्येचा विचार करणं पाप आहे.’ संकटातल्या मुलाला हे सांगू नका. ते पुढच्या वेळी लपवतं, एवढाच परिणाम होतो. चर्चची शिकवणही इथे थांबत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद २२८२ आणि २२८३ सांगतात की तीव्र मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि आत्महत्या केलेल्यांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. कॅटेकिझम शिकवणाऱ्या शिक्षकांना हे दोन परिच्छेद वाचायला द्या.

थोडक्यात क्रम असा ठेवा: या महिन्यात नावांचा कागद आणि रात्रीचे फोन, पुढच्या महिन्यात समुपदेशकांची खोली आणि गटभेटी, दिवाळीनंतर एकत्र दिवस. व्यवस्थापनाकडे बजेट मागण्याआधी दोनच गोष्टी मागा: महिन्यातून एका शनिवारी स्टाफ मीटिंगमधली वीस मिनिटं आणि खोलीची बदललेली जागा.

राहिली ती मुलगी. तिच्यासाठी कार्यक्रमाची वाट बघू नका. पालक, समुपदेशक आणि तुम्ही, पंधरा मिनिटं तिच्यासोबत बसा. वर्गात कुणी विचारलं तर काय सांगायचं ते एक वाक्य तिलाच ठरवू दे. ‘बरं नव्हतं, आता ठीक आहे’ एवढं असलं तरी चालेल. बाकी शिक्षकांनीही तेवढंच बोलायचं. अस्वस्थ वाटलं तर न विचारता कुणाकडे जायचं, त्या एका व्यक्तीचं नाव तिने निवडावं, आणि त्या वेळी कोणत्याही तासातून तिला अडवायचं नाही हे सगळ्या विषयशिक्षकांना माहीत हवं. बुडलेल्या अभ्यासातलं काय सोडायचं ते लिहून द्या. हात दाखव म्हणून कुणीही सांगायचं नाही. दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बसायची तारीख आजच वहीत टाका, कारण सगळं ठीक दिसायला लागलं की पहिली विसरली जाते ती हीच बैठक.